विषामृत, सापशिडी आणि सहावी दाढ

नाशिकच्या सातपूरला माझा दातांचा दवाखाना आहे. कंपन्यांची शिफ्ट सुटली की आई-वडील पोरांना घेऊन येतात आणि बरेचदा वाक्य तेच असतं: "दाढ दुखतेय हो, काढूनच टाका. दुधाचीच आहे." तोंडात पाहावं तर मागची मोठी दाढ मधोमध पोखरलेली. ती दुधाची नसते. दुधाचे दात एकूण २०, म्हणजे वर-खाली, डावी-उजवीकडे पाच-पाच. त्यांच्या मागे सहाव्या वर्षाच्या सुमारास जी दाढ येते ती कायमची. ती कुठलाही दात न पाडता मागून मुकाट्याने उगवते, आणि दात पडलाच नाही तर नवा कुठून आला, असा घरच्यांचा हिशेब असतो. जन्मभर चावायला मिळालेली दाढ मग नवव्या-दहाव्या वर्षीच हातची जाते. एकेका आईला खुर्चीपाशी हे समजावत बसण्यापेक्षा शाळेत जाऊन वर्गालाच सांगावं, एवढ्याच विचाराने मी शाळांच्या मागे लागले.

दोन शाळा मिळाल्या. एक सातपुरातली महापालिकेची. तिथल्या पोरांच्या घरी अहिराणी नाहीतर हिंदी, शाळेत मराठी. दुसरी त्र्यंबक रस्त्यावरून आत वळल्यावर लागणारी जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. दोन शिक्षक, दोन खोल्या. द्राक्षांच्या हंगामात इथल्या पोरांचे आई-बाप पहाटेच गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात जाऊन उभे राहतात, आणि घर आजी सांभाळते. या आज्यांचं पुढे येईलच.

शहरातल्या शाळेत तिसरीच्या दोन तुकड्या होत्या. मनात आलं, एका तुकडीला सरळ फळा-खडूने शिकवावं, दुसरीला निव्वळ खेळातून, आणि पाहावं कोणाच्या डोक्यात काय राहतं. मुख्याध्यापकांना हे फारसं रुचलं नाही. "मॅडम, खेळात शिकलेलं खेळातच राहतं. फळ्यावर लिहा, वहीत उतरवून घ्या, खाली सही करा." सर वारकरी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला चालत त्र्यंबकेश्वरला जाणारे. म्हणून मी मोक्षपटाचा विषय काढला. सापशिडी म्हणजे मूळचा मोक्षपट, आणि परंपरा त्याचं कर्तेपण ज्ञानेश्वर माउलींकडे देते. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. धाकट्या भावाने खेळातून परमार्थ शिकवला असेल तर मला दात शिकवायला काय हरकत आहे? सर हसले, पण सोडलं नाही. "मोक्षपटातल्या सापांना नावं होती. तुमच्या सापांची नावं काय?"

प्रश्न बिनतोड होता. घरी येऊन वही घेऊन बसले तेव्हा कळलं की शिड्यांची नावं भराभर सुचतात आणि साप ठरवताना हात अडखळतो. 'गोड खाणे' असा साप काढला तर पोरं दिवाळीभर त्या सापाच्या तोंडातच राहायची. गोड खाणं हा गुन्हा नाही, ते कधी आणि किती वेळा खाल्लं हा प्रश्न आहे. शेवटी साप ठरले ते असे: गोळी तोंडात ठेवून झोपणे, दुपारभर थोडं थोडं खात राहणे, दुसऱ्याचा ब्रश वापरणे, मिश्री लावणे, दात दुखला तरी घरी न सांगणे. शालिमारजवळच्या एका फ्लेक्सवाल्याकडून मोठा पट छापून घेतला. सोंगट्या म्हणजे स्वतः मुलंच, फासा थर्मोकोलचा.

आधी फळ्याची तुकडी. मला वाटलं होतं पोरं जांभया देतील. तसं झालं नाही. फळ्यावर जबडा काढला, मधोमध उभी रेघ मारली आणि रेघेपासून मागे मोजत गेले. एक, दोन: पटाशीचे. तीन: सुळा. चार, पाच: दुधाच्या दाढा. सहा? वर्ग थांबला. हाताचं बोट तोंडात घालून प्रत्येकाने आपला सहावा शोधला. हात आधी धुवून घेतले होते, नाहीतर तो वेगळाच धडा झाला असता. मग पाढ्याच्या चालीवर एक ओळ म्हणवून घेतली: "सहाव्या वर्षी, सहाव्या जागी, आली दाढ ती कायमची!" बाईंनी ती दुसऱ्या दिवशी परिपाठात घेतली आणि पुढे रोजच चालू ठेवली. आपण घोकंपट्टीला नावं ठेवतो, पण एक माहिती जशीच्या तशी घरापर्यंत पोचवायची असेल तर चालीवर म्हटलेल्या ओळीपेक्षा भरवशाचं वाहन मला दिसलेलं नाही.

खेळाच्या तुकडीत पट अंथरला आणि गोंधळ सुरू झाला. पहिली गोष्ट म्हणजे कोणीही काहीही वाचत नव्हतं. सहा पडला की टाळ्या, शिडी आली की वर, साप आला की हाय हाय. शिडीवर 'रात्री झोपताना ब्रश' लिहिलंय की 'रात्री झोपताना भजन', कोणाला पर्वा नव्हती. दुसरी गोष्ट त्याहून अडचणीची निघाली. एक मुलगा दोनदा सापाच्या तोंडी गेला आणि पटावर पाय रोवून उभाच राहिला. "मी तर रोज घासतो. सोसायटीच्या नळावर सगळे बघतात. मग मलाच का?"

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. फाशावर चालणारा खेळ सांगतो की कीड नशिबाने लागते. घरोघरी हेच तर ऐकायला मिळतं: आमच्याकडे सगळ्यांचेच दात असे, आईचेही असेच होते. ते खोडायला मी आले होते आणि माझाच पट ते पक्कं करत होता. मग नियम बदलला. सापाच्या तोंडात गेलेल्याला साप प्रश्न विचारणार. उत्तर आलं तर साप चावणार नाही. शिडीही फुकट नाही: वर चढण्याआधी ही शिडी का, ते सांगायचं. सांगता आलं नाही तर तिथेच उभं राहायचं. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक घरावर चित्रं चिकटवली. एवढं झाल्यावर पोरं एकमेकांना उत्तरं पढवू लागली. पटाच्या कडेला बसून, स्वतःची पाळी नसताना. म्हणजे सापशिडीत शेवटी धडाच शिरला, आणि शिरल्यावरच ती कामाची झाली.

खरी मजा मैदानात आली.

विषामृत सगळ्यांना येतं. राज्य असलेल्याने शिवून 'विष' म्हटलं की थिजून उभं राहायचं, गड्याने येऊन 'अमृत' म्हटलं की सुटायचं. तोंडात चालतं ते जवळपास हेच. साखर मिळाली की दातांवरच्या मळातले जंतू आम्ल तयार करतात, तोंडातला सामू (म्हणजे पीएच, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली घसरला की दाताच्या वरच्या थरातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतं. मग लाळ येते, आम्ल पातळ करते, गेलेले क्षार थोडे थोडे परत भरते. त्याला अर्धा तास, कधी जास्तच वेळ लागतो. मधल्या काळात आणखी काही खाल्लं की पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा नियम असे केले. बहुतेक मुलं दात. तिघांवर राज्य, ते जंतू. तिघे लाळ. मी शिट्टी वाजवली की कोणीतरी काहीतरी खाल्लं. त्यानंतर वर्ग तीस अंक सावकाश मोजेपर्यंत जंतू मोकाट, लाळेने कमरेवर हात ठेवून जागेवर थांबायचं. मोजून झालं की जंतू बसणार आणि लाळ धावत जाऊन सगळ्यांना सोडवणार. एक दात तिसऱ्यांदा थिजला तर त्याला अमृत नाही. तो खड्डा. बाजूला जाऊन बसायचं. सुरुवातीचा पांढरा डाग भरून येऊ शकतो, पण एकदा खड्डा पडला की तो लाळेने बुजत नाही.

पहिल्या डावात लांब लांब अंतराने शिट्टी वाजवली: नाश्ता, खिचडी, संध्याकाळचं खाणं, रात्रीचं जेवण. सगळे दात सुटत राहिले. दुसऱ्या डावात 'दुपारभर गोळ्या' असं जाहीर केलं आणि वर्ग पंधरा-वीसपर्यंत मोजतो न मोजतो तोच पुन्हा शिट्टी. मोजणी परत एकपासून. लाळ झालेली पोरं कमरेवर हात ठेवून ओरडतायत, "मॅडम, आम्हाला सोडा ना!" बघता बघता मैदानाच्या कडेला खड्ड्यांची रांग लागली. आणि त्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "मग मॅडम, सगळ्या गोळ्या एकदमच खाल्ल्या तर? एकच शिट्टी!"

बाईंनी माझ्याकडे घाबरून पाहिलं. पण उत्तर होच होतं. खायच्याच असतील तर जेवणाला लागून, एकदम, आणि मग विषय संपवायचा. हे शास्त्राने ज्या पद्धतीने शोधलं ती गोष्ट फार वाईट आहे. स्वीडनमधल्या विपेहोम संस्थेत १९४०च्या दशकात मतिमंद रुग्णांना, त्यांची संमती न घेता, चिकट टॉफ्या खाऊ घालून दात किती किडतात ते पाहिलं गेलं. अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. जेवणासोबतच्या साखरेपेक्षा दोन जेवणांमध्ये खाल्लेली चिकट साखर कितीतरी घातक, हा त्यातला मोठा निष्कर्ष. आम्ही कॉलेजात तो परीक्षेपुरता पाठ केला होता. ही पोरगी एका शिट्टीवरून तिथे पोचली.

तिसरा डाव 'रात्र'. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्री लाळेने लंगडी घालत धावायचं. ही कल्पना माझी नाही, खेळाच्या सरांनी जागेवरच सुचवली. लंगडी घालणारी लाळ चार दात सोडवेपर्यंत जंतूंनी दहा पकडले. रात्रीचा ब्रश सकाळच्या ब्रशहून महत्त्वाचा का, यावर मी आजवर दवाखान्यात जेवढं बोलले असेन ते सगळं त्या डावापुढे फिकं.

ब्रश करायला शिकवणं हे ना फळ्याचं काम, ना खेळाचं. त्याला हात लागतो. आम्ही दातांवरचा मळ लाल करणारा रंग वापरला. आधी पालकांच्या सह्या घेतल्या, पांढऱ्या शर्टांवर वर्तमानपत्रं बांधली, छोटे आरसे वाटले. रोज घासणाऱ्यांचेही दात हिरडीच्या कडेला आणि खालच्या पटाशीच्या मागच्या बाजूने लालभडक निघाले. आरशात पाहून पोरं आधी किंचाळली, मग इतरांकडे बघून हसली, मग गप्प बसून घासू लागली. पेस्ट वाटाण्याएवढी, जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नाही. दोन मिनिटं मोजायला घड्याळ नव्हतं म्हणून अर्ध्या वर्गाने घासायचं आणि अर्ध्याने पाढे म्हणायचे. दोनपासून दहापर्यंत झाले की साधारण दोन मिनिटं होतात. घासून झाल्यावर फक्त थुंकायचं, खळखळून चुळा भरायच्या नाहीत, कारण पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहायला हवं, हे सांगितलं तर बाईच अडल्या. "चूळ न भरता? तोंड आंबट नाही का व्हायचं?" अजूनही त्यांना ते पटलंय असं वाटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन्ही तुकड्यांना पुन्हा भेटले. मुद्दाम काही उजळणी न करता. फळ्याच्या तुकडीने कागदावर सुरेख लिहिलं: 'जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात.' शुद्धलेखनही बरोबर. पण दुपारी सहा बिस्किटं एकदम खाल्ली आणि सहा वेळा एकेक खाल्लं, यात काय फरक, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर 'काहीच नाही, सहाच ना!' खेळाच्या तुकडीला आम्ल हा शब्द लिहिता येत नव्हता, पण बिस्किटांचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत वर्ग ओरडला, "सहा शिट्ट्या!" रात्री का घासायचं? "लाळ लंगडी घालते." इथवर मी मुख्याध्यापकांकडे विजयाने पाहत होते. मग सहाव्या दाढेचं विचारलं आणि तीच तुकडी ठार गप्प. पटावर त्या दाढेची शिडी होती, पण त्या शिडीच्या वाटेला फारसं कोणी गेलंच नव्हतं. शेजारच्या वर्गातून मात्र भिंतीपलीकडून चाल ऐकू आली. सर काही बोलले नाहीत, फक्त खडू पुढे केला.

तेव्हापासून माझं मत झालंय की जे घडतं, सरकतं, वेळेवर अवलंबून असतं ते मैदानात शिकवावं. जे मोजायचं आणि ओळखायचं ते फळ्यावर, तालावर. एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं की दोन्ही फसतात. आणि दातांवरचा लाल रंग? त्यात दोन तुकड्यांमध्ये सांगण्याजोगा फरक नव्हता. मागच्या दाढा दोन्हीकडे लालच. शाळांमधल्या दंतशिक्षणावर जगभर झालेल्या अभ्यासांतही हेच पुन्हा पुन्हा दिसतं: माहिती वाढते, मळ थोडे दिवस कमी होतो, पण नुसत्या शिकवण्याने कीड कमी झाल्याचा पुरावा तोकडा आहे. फरक दिसला तो त्र्यंबककडच्या शाळेत, आणि त्याचं श्रेय ना खेळाला ना मला. तिथल्या गुरुजींनी ब्रश शाळेतच ठेवले. भिंतीवर खिळे, खिळ्यावर दोऱ्याने ब्रश, दांडीवर नेलपॉलिशने हजेरी क्रमांक. खिचडी झाली की ताट धुवायच्या रांगेतच दात घासायचे, चौथीची पोरं पहिलीच्यांना घासून देतात. तुकड्यांची तुलना करायला तिथे तुकड्याच नाहीत. सगळी एकत्रच खेळली, एकत्रच शिकली.

तिथल्याच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला गुरुजींनी पट घेऊन बोलावलं. आया कामावर, त्यामुळे आज्याच जास्त. पोरांनी त्यांना पटावर उभं केलं. एक आजी फासा टाकून नेमक्या मिश्रीच्या सापावर आल्या.

"विचार मला प्रश्न," त्या म्हणाल्या. "पोरांना विचारतीस तसा."

"मिश्रीने काय होतं, आजी?"

"दात घट्ट राहत्यात. हे बघ." आणि तोंड उघडून दाखवलं. दात खरोखर जागेवर होते. काळे, हिरड्या उतरलेल्या, पण होते. पोरं माझ्याकडे बघायला लागली.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात किडतातच असं मी म्हटलं असतं तर आजींच्या दातांनी मला जागच्या जागी खोटं पाडलं असतं. म्हणून दुसरं बोलले. आजींच्या लहानपणी दहा वाजता बिस्किटाचा पुडा आणि चार वाजता पाच रुपयांचं पाकीट नव्हतं, शिट्ट्याच कमी वाजायच्या. मिश्रीचं नुकसान दातापेक्षा हिरडीला आणि गालाला, आणि ते दुखत नाही म्हणून कळत नाही. बोट फिरते तिथे त्यांच्या गालाच्या आत पांढरट, सुरकुतलेली कातडी होती. ती मी त्यांना आरशात दाखवली, बाजूला घेऊन, पोरांसमोर नाही. तपासायला यायचं कबूल करून घेतलं. तंबाखू मिसळलेल्या दंतमंजनावर, टूथपेस्टवर १९९२ पासून बंदी आहे, पण मिश्री घरीच तव्यावर भाजली जाते, तिला कोण अडवणार?

आजी परत पटावर येऊन उभ्या राहिल्या. पोरं ओरडत होती, "आजी, खाली या! साप चावला!" त्या हलल्या नाहीत. "नातीला न्हाई लावणार, येवढं सांगते. माझं मी बघीन." मग थोडं थांबून: "आन् शाळंच्या कोपऱ्यावर पुड्या लटकवल्यात, त्याला कोन्ता साप?"

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि २००३च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून १०० यार्डांच्या आत कुठलाही तंबाखूचा पदार्थ विकता येत नाही. मी हे सांगितलं तेव्हा बैठकीत चुळबुळ झाली, कारण दुकानदार कोणाचा तरी भाचा निघाला. गुरुजी वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला चौथीला एक उदाहरण घातलं: एक यार्ड म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर, तर १०० यार्ड म्हणजे किती मीटर? उत्तर आल्यावर दहा मीटरची दोरी देऊन मुलांना शाळेच्या फाटकापासून मोजायला लावलं. दोरी पाच वेळाही टाकावी लागली नाही. मोजमापाचा कागद मुलांच्या सह्यांनिशी ग्रामपंचायतीत दिला आहे, येत्या ग्रामसभेत विषय घेतलाय, आणि गुरुजी परवा फोनवर सांगत होते की आजी ग्रामसभेला येणार आहेत, बोलायलाही.